रावजी कंडक्टरांचं पोट

महाड डेपोत एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या रावजींचं पोट पोलादपूरच्या पुढपर्यंतच्या सगळ्या उतारूंना ठाऊक होतं. साधं वांगं खाल्लं तरी तासाभरात ते खवळायचं. कशेडी घाटात त्यांच्या दोन जागा ठरलेल्या होत्या. रावजींनी घंटीची दोरी जोरात ओढली की ड्रायव्हर काही न विचारता गाडी बाजूला घ्यायचा आणि उतारू मुकाट्यानं दुसरीकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

ते निवृत्त झाले त्या वर्षी बाजारपेठेत जितेशनं सेंद्रिय धान्याचं दुकान काढलं. जितेश दासगावचा, मुंबईत मॉलमध्ये आठ वर्षं काढून परतलेला.

"काका, खत नाय, फवारणी नाय. पोटाला एकदम लाइट!"

रावजी हरखले. नऊ धान्यांचं पीठ, हातसडीचे तांदूळ, जवसाची चटणी, कोंड्याची बिस्किटं असं सगळं त्यांनी घेतलं आणि एकाच दिवशी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको रखमा दुकानात येऊन उभी राहिली. "काय दिलंस रे? पहाटेपासून परसाकडंच हायत ते!"

"काकी, सगळं हेल्दी हाय!"

"असंल. ह्यांच्या पोटाला कळत नाय ते."

चौथ्या दिवशी रावजी स्वतः आले. गाल बसले होते, पण हुरूप तसाच. आता दर दोन दिवसांनी एकच जिन्नस खायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. निकाल ते दुकानाच्या पायरीवरूनच खणखणीत आवाजात सांगायचे.

"जवस, उतरा खाली! कोंडा, मागच्या गाडीनं या! नाचणी, चला पुढं, जागा हाय!"

गिऱ्हाइकं हसून लोळायची. महिन्याभरात बायका आधी विचारू लागल्या, "कंडक्टरांच्या पोटाला चाललं का?" नाचणी पोलादपूरच्या वरच्या वाडीतली मैना आणायची. पहिल्या एसटीनं, डोक्यावर पिशवी घेऊन. तिची नाचणी रावजींनी मान्य केल्यापासून तिला दोन-दोन खेपा कराव्या लागत होत्या.

एकदा एक व्यापारी तांदळाची चार पोती घेऊन आला. जितेशनं वाटीभर तांदूळ रावजींच्या घरी धाडले. दुपारी दोनला रखमाचा निरोप आला, "ह्यांना जोराची लागली!"

झालं! दुकानात एकच गलका उडाला. "फवारलेला हाय!" "फसवतोस व्हय रे?" व्यापारी शपथा घेत होता आणि जितेश पोती परत टेम्पोत चढवत होता. मैना पदर खोचून व्यापाऱ्यासमोर उभी होती. तेवढ्यात रावजी धोतर सावरत आले आणि पायरीवरच बसले.

"थांबा. तांदळाला काय बोलू नका."

जितेशनं हातातलं पोतं खाली ठेवलं.

"सकाळी सहदेव ड्रायव्हरचा निरोपसमारंभ होता. मी..." रावजींनी मान खाली घातली. "मी दोन बटाटवडे खाल्ले. महिनाभर पोट गप्प होतं, मला वाटलं बरं झालं."

"दोनच?" मागून आलेल्या रखमानं विचारलं.

"चार. आणि चटणी."

आधी व्यापारी हसला, मग जितेश, आणि मग सगळं दुकान. मैनेला हसता हसता उचकी लागली. "भावजी, वड्यास्नी फुकट बसवलंव व्हय गाडीत?"

रावजींनी व्यापाऱ्याला हात जोडले. दोन दिवसांनी तोच तांदूळ मऊ शिजवून खाल्ला, पोटानं हूं की चूं केलं नाही. पोती संध्याकाळपर्यंत संपली.

पुढच्या रविवारी मैनेनं रावजी, रखमा आणि जितेश अशा तिघांना वाडीवर जेवायला बोलावलं. चढणीवर रावजी तीनदा बसले, पण चुलीजवळ बसून गरम नाचणीची भाकरी आणि ताक त्यांनी असं हाणलं की मैनेची सासू बघतच राहिली. भाकऱ्या तीन झाल्या. सगळे त्यांच्या पोटाकडे टक लावून बसले. एक वाजला, दोन वाजले, साडेतीन झाले.

"काय म्हणतंय?" जितेशनं हळूच विचारलं.

रावजींनी पोटावर हात ठेवून कान दिला. "झोपलंय गो!" ते रखमाला म्हणाले, आणि आनंदाच्या भरात ती दोघं उतारावरून पोरांसारखी धावत निघाली. जितेश मागून ओरडत होता, "काकी, दमानं!" खाली चारची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, पण कुणालाच तिची फिकीर नव्हती.