चिठ्ठीवरची लाल रेघ

त्या दिवशी दसऱ्यानंतरचं ऊन असं तापलं होतं, की मंगळवार पेठेतलं कुत्रंसुद्धा सावली बदलत फिरत होतं. मीही तसाच. दवाखान्यात शिपाई होतो. गरोदर बायकांचं रक्त लॅबला न्यायचं, चिठ्ठ्या परत आणायच्या. गरमीचा रोग, म्हणजे गुप्तरोग, निघाला की चिठ्ठीवर लाल रेघ. चिठ्ठी इंग्रजीत, पण लाल रंग कुणालाही वाचता येतो! त्या दिवशीची एक रेघ आमच्या गल्लीतली होती. ती सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून आधी बाकीचे किस्से. असले किस्से भिंतीतल्या ओलीसारखे. एक पुसला की शेजारी दुसरा उमटतो.

*

गुप्तरोगाच्या खोलीपुढचं बाकडं कायम मोकळं. बायका समोर, डोळ्यांच्या खोलीपुढं पदर ओढून बसायच्या. एकदा नव्या कंपाउंडरनं ओळीनं चौघींच्या डोळ्यांत औषध घातलं. एकीनंही तोंड उघडलं नाही! भिंत चाचपत आमच्याकडं आल्या, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, "मामा, ह्यांना हाताला धरा, आणि त्याला जाऊन आवरा!"

*

एक नवे डॉक्टर म्हणायचे, "हे दुखणं घरंदाज बायकांना नसतं."

मी आठवड्याच्या लाल रेघेच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. मास्तरांची बायको, पुजाऱ्याची सून, पेढीवाल्यांची लेक. डॉक्टर चाळत राहिले, चाळत राहिले. मग म्हणाले, "लॅबात दुसऱ्या रंगाची पेन्सिल नाही का?"

*

एक पैलवान बायकोला घेऊन आला. "मी लंगोटाचा पक्का हाय! तिलाच टोचा!"

"सुई दोघांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुई बघितली आणि गडी चीत! बायकोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "बाई, शुद्धीवर यायच्या आत देऊन टाका की!"

*

आता ती रेघ. शेजारच्या आक्काताईंची सून सुशीला. दोन पोरं पोटातच गेलेली, तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. आक्काताई तिला पांढऱ्या पायाची म्हणायच्या. हेही गेलं तर लेकासाठी गगनबावड्याकडची दुसरी पोरगी करायची, असं ठरलंही होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, दोघांनी सुया घेतल्या तर पोर जगेल. नवऱ्याला आणा."

नवरा दत्तू, ट्रकवर ड्रायव्हर. म्हणाला, "दुखणं तिचं, सुई तिला!"

मी भांडलो नाही. रोज ड्यूटीआधी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचो.

आक्काताई विचारायच्या, "काय वो, काय काम काढलंसा?"

"दत्तूला दवाखान्यात न्यायचंय. त्याला सवड झाली की."

दत्तू मागच्या दारानं सटकायचा. दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारात! आतनं सुशीलाच्या उलट्या ऐकू यायच्या. नवव्या दिवशी दत्तूनं चपला घातल्या. "चला मामा. येड लावलंसा नुसतं!"

उन्हाळ्यात पोरगी झाली. रडणं साऱ्या गल्लीनं ऐकलं. आक्काताई पेढा घेऊन आल्या आणि माझ्या उंबऱ्यावर बसल्या. पेढा माझ्या हातावर ठेवला.

मग म्हणाल्या, "दत्तूनं सांगितलं मला सगळं. माझी चार पोटातच गेली वो, मामा. तवा कुणी असं दारात बसलं न्हाई."