कडी आतल्या बाजूला

भिकाजी मेस्त्रीला दुबईजवळच्या जबल अलीत सत्तावीस वर्षं झाली होती. या सत्तावीस वर्षांत त्यानं किती घरं उभी केली आणि मोडली, त्याची गणती नव्हती. घरं म्हणजे देखाव्यातली. त्याची कंपनी लग्नांचे मांडव, प्रदर्शनांचे गाळे, जाहिरातींचे सेट उभारायची. कधी राजवाड्याची दर्शनी भिंत, कधी बर्फातली झोपडी. तीन दिवसांत उभं करायचं, चौथ्या दिवशी ट्रकात भरायचं. कुडाळजवळच्या त्याच्या वाडीत सुट्टीवर गेला की माणसं विचारत, "थंय काय बांधतंस रे?" तो म्हणे, "पाठ नसलेली घरां."

एप्रिलमध्ये मात्र खऱ्या घराचा एक तुकडाच गोदामात येऊन पडला. अमेरिकेत ओहायो राज्यातलं एक जुनं घर पाडायचं होतं. त्यातलं सत्तर वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर कुणीतरी सुटं करून विकायला काढलं आणि कंपनीचे मालक विजयकुमार यांनी ते अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या आपल्या नव्या कॅफेसाठी मागवलं. अकरा खोकी आली. पिस्ता रंगाची कपाटं, गोल कोपऱ्यांचा फ्रिज, कडेला चकचकीत पत्र्याची पट्टी असलेलं टेबल, लाल रेक्झिनच्या खुर्च्या. आणि बुटांच्या एका खोक्यात एक्केचाळीस रंगीत स्लाइड्स.

कॅफेची आखणी शुभ्राकडे होती. पुण्याची, पस्तिशीतली, नवरा अबू धाबीत नोकरीला, मुलगी अवनी पाच वर्षांची. त्या काळाचं तिला वेडच होतं. घेरदार ठिपक्यांचा स्कर्ट, कमरेला रुंद पट्टा, केसांना बांधलेला रुमाल अशा थाटात ती गोदामाच्या धुळीत वावरायची.

"मॅडम, तुमचं कोण होतं काय तिकडे?" भिकाजीनं एकदा विचारलंच.

"छे हो काका. माझी आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, साधं पातळ नेसायची." शुभ्रा हसली. "पण हे बघितलं ना, की असं फील येतं, आपलंच काहीतरी होतं आणि ते हरवलं. किती हॅपी होते लोक! सहाच्या ठोक्याला बाबा घरी, आई छान तयार होऊन उभी, ओव्हनमधून गरम वास. आता आहे का कुणाच्या घरी असं?"

भिकाजीनं मान डोलावली. त्याच्या घरी तो दोन वर्षांतून पन्नास दिवस असायचा. त्याला यातलं काय सांगता येणार?

खोक्यांबरोबर नकाशा नव्हता, म्हणून मांडणी स्लाइड्स बघूनच करायची होती. दुपारच्या जेवणानंतर तो गोदामाच्या शटरपाशी जाऊन बसे. बाहेर ऊन इतकं पांढरं की रस्ता दिसत नसे. त्या उजेडात एकेक स्लाइड धरून तो अंदाजानं मापं काढी. वाढदिवस, नाताळ, नवा फ्रिज आला तो दिवस. जवळजवळ प्रत्येक चित्रात पिवळ्या फ्रॉकमधली एक बाई, गळ्यात मोत्यांचा सर. काहींत रिबिनी बांधलेली एक छोटी मुलगी. फोटो काढणारा बहुधा घरचा मालक, कारण तो कुठेच नव्हता.

चार दिवस बघितल्यावर भिकाजीच्या ध्यानात आलं, की बाईचा पूर्ण चेहरा एकाही चित्रात नाही. कधी ती ओव्हनकडे वाकलेली, कधी खिडकीकडे वळलेली, कधी केकचं ताट नेमकं गालाच्या आड. एक्केचाळीस फोटो काढले आणि एकदाही तो माणूस तिला समोर बघ म्हणाला नाही? की तीच वळली नाही?

कपाटांच्या खालची बैठक कुजून गेली होती, ती नवी करायची होती. नेहमीच्या मापानं करावी तर बाईचे खांदे सगळीकडे वर उचललेले दिसत होते. म्हणजे ओटा तिला उंच पडत होता. भिकाजीनं आपल्या मनानं बैठक तीन इंच कमी केली. त्या संध्याकाळी त्यानं गावी गिरिजाला फोन लावला.

"गो, आपल्या वट्याची उंची तुका बरी पडता?"

 पलीकडून बायको म्हणाली, "सत्तावीस वर्सांनी इचारतास? उंच आसा. पाटार उभी रवान लाटतंय मी."

तो ओटा त्यानंच बांधला होता.

सिंकशेजारच्या कोपऱ्यात ओट्याखाली अडीच फूट खोल मोकळी जागा होती. स्लाइड्समध्ये तिथे नुसती सपाट फळी दिसत होती. तशीच फळी ठोकायची, अर्ध्या तासाचं काम. भिकाजी प्लायवूड कापायला बसला तेव्हा एक वाजला होता. अर्सलान जेवणाचा डबा धुऊन परत आला तेव्हा तिथे फळी नव्हती, दार होतं. आतून लावलेल्या बिजागऱ्या बाहेरून दिसू नयेत अशा बेमालूम बसवलेल्या. बंद केलं की नुसती फळीच वाटावी.

अर्सलान पेशावरकडचा वायरमन. दोघं दहा वर्षं एकाच बसनं येत-जात होते. त्यानं दार ढकलून आत डोकावून पाहिलं आणि तो हसायला लागला. "भिकाजी भाई, कुंडी अंदर से? बर्तन खुद दरवाज़ा बंद करेंगे क्या?"

भिकाजीनं वाकून पाहिलं. कडी खरंच आतल्या बाजूला होती, जमिनीपासून दीड फुटावर. हातात अजून स्क्रूड्रायव्हर होता. लाकूड कापल्याचं त्याला आठवत होतं, बिजागऱ्या निवडल्याचंही आठवत होतं. कडी आठवत नव्हती.

"गलती से लग गई," तो म्हणाला. "कल निकालता हूँ."

दुसऱ्या दिवशी तो ती काढायला बसला. स्क्रू नवे, भोकं नवी, पण एकही स्क्रू फिरेना. जोर लावला तर पात्याची धार गेली. त्यात शुभ्रानं ते कपाट पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. "काका, सीक्रेट कपाट! राहू दे, मुलांना मजा येईल." कपाट राहिलं.

आठवड्यानं कॅफेत न्यायला सगळं पुन्हा सुटं करताना भिकाजी टॉर्च घेऊन त्या कपाटात शिरला. तळाचं प्लायवूड त्यानं स्वतः कापलेलं, पॉलिश न केलेलं, खरखरीत. त्याच्या मधोमध वीतभर गोल जागा गुळगुळीत झाली होती. देवळाच्या पायरीला वर्षानुवर्षं माणसं बसून येते, तशी लकाकी. त्यानं बोट फिरवलं. जागा कोमट होती. गोदामात सगळंच तापतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण बाजूची फळी थंड होती.

तो हे कुणाला बोलला नाही.

ऑक्टोबरात कॅफे उघडला आणि धो धो चालला. शनिवारी लोक त्या काळातले कपडे घालून येत. बायका फुगीर फ्रॉकमध्ये, पुरुष केसांना तेल चोपडून. दारावर पाटी होती, 'त्या सुखाच्या दिवसांत स्वागत'. भिंतीवर त्या स्लाइड्स मोठ्या करून लावलेल्या. त्यांच्याखाली उभं राहून सगळे फोटो काढत आणि आपण पूर्वी तिथं राहून गेल्यासारखे उसासे टाकत.

तिसऱ्या शनिवारी एका स्टुलाचा पाय हलतो म्हणून भिकाजीला बोलावलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. शुभ्रा गिऱ्हाइकांत, अवनी टेबलांखालून हुंदडत होती. तेवढ्यात दारासमोर एक जुनी अमेरिकन गाडी येऊन थांबली, लांबलचक, मागे पंख फुटलेली. कुणा शौकिनाची असावी. इंजिन चालूच होतं. त्याची घरघर जमिनीतून पायांना जाणवत होती. सगळे काचेकडे धावले, मोबाईल वर झाले.

पाच मिनिटांनी शुभ्राचा आवाज आला, "अवनी कुठेय?"

मागचं दार बंद होतं. टॉयलेट पाहिलं, भटारखाना पाहिला, बाहेर फुटपाथ पाहिला. शुभ्रा टेबलांखाली वाकून हाका मारत सुटली. भिकाजी मात्र सरळ त्या कोपऱ्याकडे गेला आणि गुडघ्यांवर बसला. दार ढकललं. हललं नाही. कडी आतून लागलेली.

त्यानं फळीला कान लावला. मागे एवढी आरडाओरड चाललेली, तरी आतला श्वास स्वच्छ ऐकू आला. एक नव्हता, दोन होते. एक भराभरा चाललेला, लहान मुलाचा. दुसराही लहानच, पण कोंडलेला. बराच वेळ रोखून धरायचा आणि मग चोरून, थेंबाथेंबानं सोडायचा. असं श्वास घ्यायला मूल सरावानंच शिकतं, हे भिकाजीला कसं कळलं कोण जाणे. कळलं एवढं खरं.

बाहेर इंजिनाचा आवाज वाढला, लांबला, वळणावर विरला.

भिकाजीनं तोंड फळीजवळ नेलं आणि हळूच म्हणाला, "गेली गाडी. गेली हां. उघड आता."

कडी सरकली. दारातून अवनी रांगत बाहेर आली, घामानं भिजलेली, पण रडत नव्हती. भिकाजीनं आत हात घातला, चारी कोपरे चाचपले. कुणी नव्हतं.

शुभ्रानं मुलीला छातीशी धरलं. "अगं, हाक मारत होते ना मी! ओ का नाही दिलीस?"

"शी सेड डोन्ट टॉक," अवनी म्हणाली. "नॉट टिल द कार गोज."

"कोण शी?"

"द गर्ल." अवनीनं आश्चर्यानं कपाटाकडे पाहिलं. "व्हेअर डिड शी गो?"

सोमवारी गोदामातून परतताना बसमध्ये भिकाजीनं अर्सलानला सगळं सांगितलं, तळाच्या लकाकीसकट. अर्सलाननं ओठांतल्या ओठांत काही पुटपुटून घेतलं. मग विचारलं, "डर नहीं लगा?"

"लगा," भिकाजी म्हणाला. "पर अंदर वाली मुझसे ज़्यादा डरी हुई थी."

कॅफेचे फोटो इंटरनेटवर फिरत होतेच, उघड्या छोट्या दाराचेही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शुभ्राला अमेरिकेतून एक ईमेल आलं. लोइस नावाच्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईचं. ते स्वयंपाकघर तिच्या आईचं. स्लाइड्समधली रिबिनवाली मुलगी ती. शुभ्रा ते ईमेल घेऊन जबल अलीला गोदामातच आली, साध्या सलवार-कमीजमध्ये. तिला तशी भिकाजी पहिल्यांदाच पाहत होता.

"काका, ती विचारतेय की सिंकशेजारचं ते छोटं दार कुणी बनवलं. म्हणते, ते कुठल्याच फोटोत नाही. फोटोत ती नुसती फळीच दिसते. तुमच्याशी बोलायचंय तिला."

त्यांनी तिथंच, लाकडाच्या ढिगावर मोबाईल टेकवून व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर पांढऱ्या केसांची, चष्मेवाली बाई. शुभ्रा मराठीत सांगत गेली.

फोटो वडील काढायचे. सहाला त्यांची गाडी दारात यायची. गाडीच्या आवाजावरून आईला कळायचं, आज ते कसे आहेत. आवाज वाईट असला की ती लोइसला ओट्याखाली बसवायची. ते दार आईनं कपाटं बसवायला आलेल्या सुताराकडून गुपचूप करून घेतलं होतं. वडिलांना ती नुसती फळीच वाटायची. आई सांगायची, आतून कडी लाव, आणि वडील पुन्हा गाडी घेऊन बाहेर पडेपर्यंत श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. दुसऱ्या दिवशी वडील फुलं आणायचे, आईला पिवळा फ्रॉक घालायला लावायचे आणि फोटो काढायचे. आई सुजलेला गाल कॅमेऱ्यापासून वळवून उभी राहायची.

 शुभ्रा पाणी प्याली आणि पुढे म्हणाली, "ती विचारतेय, तुम्हाला कसं कळलं?"

भिकाजी म्हणाला, "सांगा, ठाऊक नाही. माझ्या हातांनी केलं. मी तिथं होतो की नाही, तेच मला सांगता येणार नाही."

लोइसनं मान हलवली, जणू हे उत्तर तिला पुरेसं होतं.

मग भिकाजीनं पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला. "त्यांना विचारा, आईचं पुढं काय झालं?"

लोइस हसली. एका दुपारी वडील कामावर असताना आई दोन बॅगा आणि मुलगी घेऊन बसमध्ये बसली. दुसऱ्या राज्यात शिवणकाम करून जगली, म्हातारी होऊन झोपेत गेली. "सुटल्या म्हणायच्या," भिकाजी म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. मग त्याला सुचलं, आई आणि मुलगी दोघी सुटल्या असतील, तर आत कोण बसलं होतं?  लोइसच पुढे बोलली. शुभ्रानं ते जरा थांबून मराठीत सांगितलं. "ती म्हणते, गेली साठ वर्षं ती रोज स्वप्नात त्या कपाटात बसलेली असते, बाहेर यायला कुणी सांगतच नाही. गेल्या महिन्यात ते स्वप्न थांबलं. एका शनिवारी सकाळी. एक पुरुष तिला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलला. म्हणते, तरीही तिला समजलं."

 इथे दुपारी तीन वाजतात तेव्हा तिकडे सकाळ असते, हा हिशेब दोघांच्याही मनात एकदमच झाला.

शुभ्रानं भिंतीवरच्या स्लाइड्स उतरवल्या, दारावरची पाटीही काढली. विजयकुमार चिडले, गिऱ्हाइकं कमी होतील म्हणाले; झाली नाहीत. लोइसनं आईचा एक फोटो पाठवला, म्हातारपणीचा, थेट समोर बघून हसणारा. भिकाजीनं त्याला सागवानाची चौकट केली. फोटो कुठे लावायचा यावर चर्चा झाली तेव्हा त्यानं खिडकीशेजारची जागा दाखवली. तिथून रस्ता दिसतो आणि कुठली गाडी येते तेही.

फेब्रुवारीत भिकाजीचा व्हिसा संपला आणि त्यानं तो पुन्हा काढला नाही. निघताना अर्सलान त्याला विमानतळावर सोडायला आला. दोघं गळाभेट घेऊन वेगळे झाले. गावी पोचल्यावर चार दिवसांनी भिकाजीनं हत्यारांची पिशवी उघडली आणि ओटा फोडायला सुरुवात केली. गिरिजा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "आता मोडतास कित्याक?" ती म्हणाली. भिकाजीनं तिला समोर बोलावलं, सरळ उभं राहायला सांगितलं आणि टेप जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत ओढली.