डबीतलं शेण

जोगेश्वरीच्या दवाखान्यात तपासणीच्या डब्या घेणारी बाई कधी नाक मुरडत नाही. प्रत्येकाला एकच विचारते, "आज सकाळचंच ना?"

माझ्या बुबुळावर पांढरा ठिपका आला, उजेड सोसेना. डॉक्टरांनी संडास तपासायला सांगितली. दुखतोय डोळा आणि बघणार पोट? अडाणी समजतात मला! मुद्दाम आरेच्या गोठ्यातलं शेण डबीत भरून नेलं.

तिनं झाकण उघडलं, लगेच लावलं. हळूच म्हणाली, "आजोबा, म्हशीचे डोळे ठीक आहेत. पोटात जंत असले तरी डोळ्यावर असा ठिपका येतो. बुबुळ तुमचं जाईल." डॉक्टरांना सांगितलं नाही. नवी डबी दिली.

दुसऱ्या दिवशी खरी नेली. जंत निघाले. गोळ्या, थेंब घेतले, ठिपका गेला.

मी रस्त्यात कुणाला आधी नमस्कार करत नाही. तिला करतो.