सोमाजी तात्यांचं लाकडी विमान

माझे चुलते सोमाजी तात्या यांनी आयुष्यात एक विमान बांधलं, तेही लाकडाचं. आमच्या गावात, महाळुंगे पडवळात, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांना जन्मात एक पाट धड करता आला नाही, त्यांचं हसणं मी मनावर घेत नाही.

१९९४ साली पुण्याच्या एका ठेकेदारानं तात्यांना उत्तरेतल्या एका कारखान्यात नेलं. आपली आणि रशियाची माणसं मिळून लष्करासाठी मालवाहू विमान करणार होती. जवान आणि जीप पोटात घेऊन डोंगरातल्या आखूड धावपट्टीवर उतरेल असं. धातूला हात लावण्याआधी अशा विमानाचा पुऱ्या मापाचा लाकडी नमुना करतात. जीप आत मावते का, जवानाचं डोकं छताला लागतं का, हे त्यात बघायचं. त्यासाठी सुतार हवे होते. तात्यांच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. "दोन वर्साचं काम हाय, जाऊन येतो," तात्या म्हणाले. लंकाकाकू कांद्याची शेती आणि आजारी सासू सांभाळत मागं राहिली.

दोनाची बारा वर्षं झाली. रशियनांना रुंद पोट हवं होतं, आपल्या लोकांना हलकं विमान. त्यांचं इंजिन ठरवावं, तर ते आपल्या उन्हाळ्यात दम टाकणार असं निघायचं. खर्च कुणी किती सोसायचा, यावर दीड वर्ष नुसता खल चालला. दर बैठकीनंतर नवा नकाशा यायचा आणि तात्या केलेलं उसवून पुन्हा बांधायचे. व्हिक्टर नावाचा म्हातारा रशियन इंजिनियर त्यांच्या जोडीला असे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. एकानं फळीवर पेन्सिलीनं रेघ मारायची, दुसऱ्यानं मान डोलवायची, झालं काम. मोठमोठ्या साहेबांचं टेबलावर जमलं नाही, ते या दोघांचं फळीवर जमायचं. मग एका वर्षी व्हिक्टर सुटीला गेला तो परत आलाच नाही.

नमुना तात्पुरता आहे, खिळे मारून उरका, असं साहेब सांगून थकले. तात्यांनी घराची तुळई बसवावी तसे खाच पाडून सांधे केले आणि वर लाकडी खुंट्या ठोकल्या. "इमानाला खिळं? उद्या मानसं बसायची त्यात!" अहो, त्या विमानात कुणीच बसणार नव्हतं. पण हट्टापुढे शहाणपण चालत नाही, आणि तात्यांचा हट्ट तर आमच्या घराण्यात प्रसिद्ध.

दिवाळीला आठ दिवस ते घरी येत. एवढ्यात संसार कसला होणार? मूल झालं नाही. काकू दर वर्षी म्हणायची, "मला एकदा दावा की वो, काय करताय तिकडं." तात्या दर वर्षी अर्ज करत. उत्तर ठरलेलं: दोन देशांचा करार आहे, काम गुप्त आहे, नातेवाइकांना प्रवेश नाही. एकदा मी तिला घेऊन तिथवर गेलो. तीन दिवस फाटकाबाहेर बसून आम्ही परतलो. मी गाडीत मंचरपर्यंत सरकारला शिव्या घालत आलो.

२००६ साली दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि काम बंद पडलं. नमुना मोडून शेड रिकामी करायचा हुकूम निघाला. पहारी घेऊन माणसं आली, पण सांधे हलेनात. साहेब वैतागून तात्यांना म्हणाले, "तुम्हीच केलंय, तुम्हीच सोडवा. मदतीला एक मजूर घ्या." तात्यांनी मजूर म्हणून काकूचं नाव दिलं. तासाभरात पास तयार झाला! जी वस्तू मोडायचीच आहे, तिचं गुपित कोण राखतो?

फाटकापर्यंत मीच तिला पोचवलं. आतलं सगळं नंतर तिच्याकडून कळलं. तात्यांनी तिला जवानांच्या बाकावर बसवलं. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.

"लई मोठं हाय वो," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमी हिकडं दुसरं घर केलंय."

बारा वर्षं ही बाई हे मनात घेऊन कांदे लावत होती. तात्या तिथंच खाली बसून रडले.

मग दोघांनी मिळून विमान सोडवायला घेतलं. एकोणीस दिवस लागले. इतके दिवस सलग ती दोघं त्या बारा वर्षांत कधीच एकत्र राहिली नव्हती. तात्या खुंटी दाखवत, काकू फळ्या वाहून नेई. सांगाड्याची शेवटची फासळी राहिली तेव्हा मात्र तात्यांचा हात उचलेना. काकूनं त्यांच्या हातातली खुंट्या ठोकायची मोगरी घेतली.

"तुमी बाहीर जावा," ती म्हणाली. "मी काढते."

तात्या गेले नाहीत. फासळी आपटू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि काकूनं खुंटी ठोकून काढली.