पावसाच्या वहीतल्या रेघा

गावचा कोतवाल म्हणून पर्जन्यमापक माझ्याकडं होतं. चावडीच्या मागं रोवलेलं, आत बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. माझी शाळा दुसरीपर्यंतच. मी आकडा सांगायचो, बायको लिहायची. अक्षर टपोरं होतं तिचं.

पाऊस नसला की ती नुसती आडवी रेघ ओढायची. शून्य तिनं कधी काढलं नाही. घरातलं मीठ संपलं तरी आपण वाढलं म्हणतो, तशातली ती. "पावसापुढं शून्य मांडू नये," म्हणायची. कर्जतच्या कचेरीतले कारकून रेघ बघूनच ओळखायचे की दिवस कोरडा गेला.

मग कचेरीत कॉम्प्युटर आला. कारकून वहीतलं त्यात भरायचा आणि ठरल्या वेळी नगरचा कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून सगळ्या गावांचे आकडे आपोआप ओढून घ्यायचा. मधे माणूस नाही.

त्याच वर्षी ऐन श्रावणात बायको गेली. पावसानंही तोंड फिरवलं. पुढच्या रेघा मी ओढल्या, वाकड्यातिकड्या. दिवाळीपर्यंत विहिरी आटल्या आणि टँकरच्या यादीत आमचं गाव नाही. मी वही घेऊन कर्जत गाठलं.

"बाबा, नगरला तुमच्या गावचा आकडाच न्हाई," कारकून म्हणाला. "मशीनला रेघ कळत न्हाई. रेघ म्हंजी कुणी मोजलंच न्हाई, असं धरतंय ते."

"मी रोज मोजलंय, भाऊसाहेब."

"मग रेघांवर शून्य काढा, सही करा. मी परत भरतो."

"लिहिलेलं मी गिरवत नसतो," म्हणालो आणि वही काखेत मारून एस्टीत बसलो. निम्म्या रेघा तिच्या हातच्या होत्या, हे त्याला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारची वहिनी रिकामा हंडा टेकवून म्हणाली, "कोतवाल, तुमच्या रेघा पिऊ का आमी?" बाकीच्या बाया हसल्या.

परत कर्जतला गेलो. कचेरीच्या बाकावर बसून एकेका रेघेवर शून्य काढत गेलो. तिच्या रेघा कशा सरळ, पट्टीनं मारल्यागत. माझं शून्य त्यांच्यावर बसता बसेना.

कारकुनानं पानं उलटली. "बाबा, एक राहिली की."

"राहू द्या."

"एका दिवसासाठी कशाला अडून बसता?"

"त्या दिवशी मोजलंच न्हाई मी."

त्यानं तारीख बघितली, मग माझ्याकडं बघितलं. तेवढा दिवस त्यानं मोकळा सोडला.

पुढं टँकर आला. हंडा घेऊन मीच रांगेत उभा राहिलो, घरात दुसरं कोण होतं?

बायको गेली त्या सकाळी साडेआठला मी तिच्या उशाशी बसून होतो. कोतवाल चुकला असं कुणी म्हणू नये म्हणून नंतर रेघ ओढून ठेवली होती. त्या दिवशी बाटलीत पाणी होतं का, ते मला आजही ठाऊक नाही.