राजपुत्रासमोरची खुर्ची

त्या दोघांनी माझ्या रविवारांची पार वाट लावली होती, हे आधीच सांगून टाकते. ऑस्ट्रेलियात, क्लेटनमधल्या आमच्या घराची मागची खोली आम्ही युनिव्हर्सिटीतल्या मुलींना भाड्याने द्यायचो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक थाई मुलगी राहत होती. केमिस्ट्री शिकायची, आवाज नाही की कटकट नाही, भांडी न सांगता घासायची. मग एका रविवारी आम्ही चर्चमधून, मिस्साहून घरी येतो न येतो तोच दारात एक सडपातळ माणूस उभा. बूट इतके चकचकीत की मला माझ्या पायपुसण्याची लाज वाटली. मी तिला हाक मारली, ती बाहेर आली आणि त्याला पाहताक्षणी पॅसेजमध्ये खालीच बसली. चक्कर आली वाटून मी पाणी आणायला धावले.

चक्कर कसली! तो राजपुत्र होता.

त्यांच्यात राजघराण्यातल्या माणसापेक्षा खालीच बसायचं असतं. आता राजपुत्र म्हणजे काही गादीवर बसणारा नव्हे. तिकडे राजघराण्याची पदवी पिढीगणिक एकेक पायरी उतरत जाते, त्याच्या पतवंडांपर्यंत काहीच उरणार नव्हतं. हे त्यानेच मला मासे साफ करता करता सांगितलं. हो, मासे साफ करायचा, आणि माझ्या नवऱ्यापेक्षा कितीतरी बरे. थाई सैन्यात मेजर होता. लहानपणीच लष्करी शाळेत घातलेला, पुढे सीमेवरच्या जंगलात बरीच वर्षं, मलेरिया काय, खांद्यात गोळी काय, सगळं झालेलं. इथल्या सैन्याबरोबर वर्षभराच्या ट्रेनिंगला आला होता. सैन्यात का गेलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिथे माणसं निदान उभी राहून सलाम करतात." इथला सार्जंट आपल्याला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणतो, हे तर तो येईल त्याला सांगायचा.

तिची मावशी त्याच्या आईच्या महालात कामाला होती. लहानपणी सुट्टीत ही तिथे जायची, तेव्हापासूनची ओळख. त्याला हिच्याशी लग्न करायचं होतं. एकट्याने भेटणं त्यांच्यात बरं दिसत नाही, म्हणून भेटी माझ्या किचनमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, दर रविवारी माझ्या कालवणावर. नोव्हेंबरात तो परत जाणार होता आणि त्याआधी त्याला तिचं उत्तर हवं होतं. आणि ही बया त्याच्यासमोर खुर्चीवर बसेल तर शपथ!

तो टेबलाशी, ही फ्रिजला टेकून जमिनीवर. तो म्हणायचा, वर बस. ही 'हो सर' म्हणायची आणि तिथेच भात कालवायची. ज्याच्या एका शब्दावर जवान विमानातून उड्या टाकायचे, त्याला एक मुलगी फूटभर वर उचलता येईना. मी समजावलं, ओरडले, एकदा तर दंडाला धरून बसवलं; वळते तोवर पुन्हा खाली. नवरा म्हणायचा, तू कशाला मध्ये पडतेस? अरे बाबा, मी मध्ये पडत नाही, मला माझा फ्रिज उघडता येत नाही!

शेवटी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांबा, आता सगळेच खाली बसू, आमच्याकडे लग्नात पंगत बसते तसे. टेबल भिंतीला लावलं, चटई अंथरली, राजपुत्राला खाली बसवलं. तो मांडी घालून झकास बसला. मागे बघते तर बाई गायब. त्याच्या बरोबरीने जमिनीवर कसं बसायचं, म्हणून ती मागच्या दाराबाहेर पायरी उतरून बसली होती आणि तिथून आत हात घालून मीठ मागत होती. कपाळाला हात लावायचंही त्राण माझ्यात उरलं नाही.

संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती, तिथेच तिला फैलावर घेतलं. इतका चांगला माणूस, जीव टाकतो तुझ्यावर. त्याला बायको हवीय, शिपाई नकोय. एकदा, फक्त एकदा, वर बसून दाखव! ती म्हणाली, विचार करते, ताई.

शेवटच्या रविवारी तो जेवून परस्पर एअरपोर्टला जाणार होता. आला तो युनिफॉर्ममध्ये, सगळ्या बिल्ल्यांसकट. मनात म्हटलं, झालं, आज ही बागेत खड्डा खणून बसणार. पण ती आली, खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर ताठ बसली. त्याच्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, कालवण वाढू का?

मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. मला इतका आनंद झाला की माशाचं डोकं मी सरळ राजपुत्राच्या ताटात घातलं. तो मात्र जेवेना. चमचा खाली ठेवला त्याने.

"म्हणजे तू येणार नाहीस," तो म्हणाला.

मला वाटलं, हा खुळावला की काय. समोर बसलीय की!

"आईसाहेबांच्या घरात मला खुर्ची नाही, सर," ती म्हणाली. "तिथे यायचं तर इथे वर बसायची सवय लावून घेऊन चाललं नसतं. म्हणून इतके दिवस बसत नव्हते."

मी आईशी बोलेन, तो म्हणाला.

"तुम्ही सीमेवर असाल," ती म्हणाली.

त्याने ताटातलं सगळं संपवलं. मग उठला, टाचा जुळवल्या आणि तिला कडक सलाम केला. ती बसूनच राहिली. मला मात्र रडू फुटलं, आणि रागही आला, दोघांचाही आणि त्या म्हातारीचाही, जिला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

टॅक्सी गेल्यावर आत आले तर ती पुन्हा फ्रिजला टेकून जमिनीवर बसली होती, त्याचं रिकामं ताट मांडीवर घेऊन. सवयीने माझं तोंड उघडलं. मग मिटलं. चहाला दूध हवं होतं. नवऱ्याला म्हटलं, आज कोराच पी.