ओ देणारे नाना

काकूंनी हाक मारली की नाना हातातलं काम टाकून उठत. नुसती ओ देऊन त्यांचं भागत नसे. आत जाऊन, काकूंसमोर उभं राहून "बोल" म्हणत. काकू म्हणत, "काही नाही हो, कुकरच्या शिट्या किती झाल्या ते विचारत होते." मुलुंडला त्यांचं दार आमच्या दारासमोर, त्यामुळे ही धावपळ रोज दिसे आणि सगळा मजला त्यावर हसे. "नाना, काकूंना एवढं काय घाबरता?" असं मी एकदा विचारलंही होतं. नाना हसले नाहीत.

त्यांच्या घरात टीव्ही नव्हता. तो काढल्याची भोकं तेवढी भिंतीत राहिली होती. बाथरूममध्ये पडल्यापासून काकूंचा डावा हात नीट चालत नसे, म्हणून दुपारी मटार सोलताना शेंग नाना फोडत आणि दाणे काकू काढत. मी फोनवर बोट फिरवत त्यांच्याशी बोलू लागले, की नाना वाक्य अर्धवट सोडून थांबत. "तुझं होऊ दे गं," म्हणत आणि खरंच वाट बघत. त्यात राग नसे, म्हणूनच मला कानकोंडं व्हायचं.

एकदा सोसायटीच्या पूजेला सेक्रेटरींनी सुखी जोडपं म्हणून दोघांचा सत्कार ठेवला. नानांना शाल पांघरून आणि हातात माईक देऊन ते म्हणाले, "या मोबाइलच्या जमान्यात तुम्ही इतके समाधानी कसे, ते आम्हालाही सांगा."

नाना म्हणाले, "मी टीव्हीवर चर्चा ऐकत होतो. हिनं बाथरूममधून हाक मारली, चक्कर येतेय, जरा या. मी म्हटलं, जाहिरात लागू दे, येतो. जाहिरात लागेपर्यंत ही पडली होती. चर्चा कशावर होती, ते आता आठवतही नाही मला. ही शाल दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"बास झालं," काकू खुर्चीतून म्हणाल्या. "घरी चला."

आपण पडलो तेव्हा नाना बाजारात गेले होते, असंच काकूंनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. इतकी वर्षं त्यांनी झाकून ठेवलेलं नानांनी चारचौघांत उघडं केलं. आणि मी ग्रुपवर टाकायला म्हणून सत्काराचा व्हिडिओ काढत होते, तो चालूच होता. तो मी पुसून टाकला, पण मान वर करून नानांकडे बघायचा धीर झाला नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मुलगी नानांना बडोद्याला न्यायला आली, तेव्हा मी निरोप घ्यायला गेले.

"काकूंचं तुम्ही किती केलंत, नाना," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात," नाना म्हणाले. "खरं सांगू? ती पडल्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली गेली. ती बोलायची, मी ऐकायचो. एवढा संसार झाला, पण ती इतकी गमतीशीर बोलते हे मला माहीतच नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिचा हात गेला, तेव्हा कुठे मला सुख लाभलं. हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

त्यांनी मान खाली घातली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.